अक्कांचा पगार

धारवाडच्या बसमध्ये माझ्या पुढच्या बाकावर सप्तापूरच्या खानावळवाल्या जयलक्ष्मीअक्का आणि त्यांचे अकौंटंट श्रीहरी बोलत होते.

"अक्का, खर्चात सगळ्यांचे पगार आहेत. तुमचा कुठाय?"

"मी मालकीण. मला कसला पगार?"

"पहाटे उठून भाकऱ्या कोण बडवतं?"

"मीच की."

"मग तुमची मजुरी धरल्याशिवाय खरा नफा कसा कळणार? या महिन्यापासून पगार घ्या."

"अय्य! असं कुणी विचारलंच नव्हतं हो आजवर. मग रजाही मिळेल?"

"ते मालकिणीला विचारा."

"ती फार कडक आहे."

"विचारून तर बघा."

अक्कांनी स्वतःशीच काहीतरी पुटपुटून मान डोलावली.

"हो म्हणाली! रविवारी खानावळ बंद. अळणावरला बहिणीकडे जाते. ती वाढेल, मी जेवेन."