सुरुवात आजीपासून

नणंद : हात काढ तिथून, वहिनीबाई. घड्याळाचे तिळाएवढे स्क्रू असतात ते. एखादा उडाला तर दिवसभर काउंटरखाली रांगेन मी.

वहिनी : ताई, डोळ्यावरचं भिंग काढता का जरा?

नणंद : का, तोंड बघायचंय माझं? लग्न आठवड्यावर आलं, आता बघून काय उपयोग!

वहिनी : मी तुम्हाला दिलेला आकडा चुकलाय. शंभरात दोन.

(नणंद भिंग काढून काउंटरवर ठेवते.)

नणंद : बाबांचे डोळे ज्यानं गेले, ते मला होईल की नाही, तो आकडा? त्या भीतीपायी चार वर्षं त्या भल्या माणसाला नाही म्हणत होते मी. तुझा कागद बघून हो म्हटलं. नीट सांग काय ते.

वहिनी : नेमका दोष अजून सापडलेला नाही, म्हणून सरळ तपासणी होत नाही. आणि बाबांना तो आजीकडून आला की आजोबांकडून, तेही ठाऊक नाही. दोघं डोळे जायच्या वयाआधीच गेले. म्हणून मार्कोव्ह साखळी चालवावी लागते.

नणंद : मला साखळी कळते ती खिशातल्या घड्याळाची.

वहिनी : गेलेल्या माणसांबद्दल संगणक काहीतरी धरून चालतो आणि एकेक गोष्ट बदलत जातो. पुढचं पाऊल कुठं, ते आत्ता उभा आहे त्या जागेवरून ठरतं, मागचं सगळं विसरायचं. अशी लाखो पावलं. जिथं जास्त वेळ रेंगाळला, तो आपला अंदाज.

नणंद : मग बिघडलं कुठं?

वहिनी : मी सुरुवात आजीपासून केली. दोष तिचा, असं धरून. एका वेळी एकाच माणसाचं बदलत गेलं तर तिथून आजोबांकडे जायला वाटच नाही. तो आजीपाशीच घुटमळत राहिला. आणि ज्या गुणसूत्रावर हा दोष बसतो, त्याचा बाबांकडून तुमच्याकडे आलाय तो तुकडा आजोबांचा. म्हणून दोन.

नणंद : आणि आजोबांपासून सुरू केलं असतं तर?

वहिनी : अठ्ठ्याण्णव. काल पद्धत बदलून चार ठिकाणांहून चालवलं. सत्तेचाळीस येतात.

नणंद : म्हणजे छापा की काटा.

वहिनी : हो.

नणंद : हे असं होतं, ते तुला माहीत नव्हतं?

वहिनी : आमच्या प्रयोगशाळेत नव्या मुलांना हे मीच शिकवते, ताई. परवा साहेबांनी एकाला सगळ्यांसमोर झापलं, एकाच ठिकाणाहून चालवून निकाल देतोस, लाज नाही वाटत? सगळे हसले. मीपण हसले.

नणंद : मग माझ्याच वेळी काय झालं?

वहिनी : चिमणीला पाळणाघरातून आणायची घाई होती, असं सांगायचं ठरवून आले होते.

नणंद : होती का घाई?

वहिनी : नव्हती. दोन दिसलं आणि मी बंद केलं.

नणंद : माझ्या लग्नाचा एवढा उमाळा तुला?

वहिनी : तुमचा आणि यांचा तुकडा एकच आहे. यांचा जो आकडा, त्याच्या निम्मा चिमणीचा. ती चित्र रंगवायला बसली की कागद डोळ्यांजवळ नेते का, एवढंच बघत असते मी दिवसभर.

नणंद : म्हणजे कागदावर नाव माझं, आणि बघत होतीस पोरीचं.

वहिनी : हो.

नणंद : निदान खोटं तरी बोलायचंस.

वहिनी : तो कागद देताना तेच तर केलं होतं.

नणंद : डोळे पूस. गिऱ्हाईक येईल. माझ्या भावाला सांगितलंस?

वहिनी : नाही. त्यांच्याकडे बघवत नाही. ताई, तुमच्या त्यांना मी सांगते. चूक माझी आहे.

नणंद : चूक तुझी, डोळे माझे. मीच सांगणार. दे तो फोन. ...हॅलो? दुकानावर ये. नाही रे, पडले-बिडले नाही. तो आकडा बदललाय. नाही, फोनवर नाही. ये तू.

वहिनी : मी निघू?

नणंद : निघतेस कुठं? ते आजी-आजोबा आणि लाखो पावलं मला जमणार आहेत का समजवायला? बस त्या स्टुलावर.

वहिनी : कुठल्या तोंडानं बसू, ताई?

नणंद : आहे त्याच. सरक थोडी, उजेड येऊ दे. आणि ते भिंग दे इकडे. तो येईपर्यंत एवढं घड्याळ पुरं करते.