अस्वलाच्या नाकानंतरचे दोन सेकंद

नाही काका, झोप झाली नाही म्हणून ऐकू येतंय असं नाही — म्हणजे झोप झालेली नाहीच, चार रात्री नाही झाली, पण आधी ऐकू आलं आणि मग झोप गेली, क्रम लक्षात घ्या. तुम्ही फक्त गोष्टीतला तेवढाच तुकडा परत लावा. अस्वल म्हणतं ना, ‘माझ्या नाकावर कोण बसलंय?’ — त्याच्या पुढचे दोन सेकंद. आणि आवाजाच्या बटणाला हात लावू नका. मघाशी त्या महागाच्या स्पीकरच्या जोडीला तुम्ही ते किंचित वर नेलंत. नेलंत हो, मी बघत होते. आवाज जरा मोठा झाला की कानाला चांगलाच वाटतो, एवढं मी वाचून आलेय. तुमच्यावर संशय आहे असं नाही — बरं, आहे. पण खास तुमच्यावर असा नाही, सध्या माझा सगळ्यांवरच आहे.

लावा. … हं. हिच्यात नाही. ही पहिली जोडी ना, लाकडी पेटीची? हिच्यात माझा नवरा पिंपात बसून बोलल्यासारखा वाटतो, नुसती घुमघुम. आमच्या घरचं डबडंही असंच आहे, गोष्ट तेवढी कळते, बाकी काही कळत नाही. सुखी होतो हो आम्ही त्या डबड्यावर! आता दुसरी — ही भलतीच धारदार, ‘स’ आला की नवऱ्याच्या दातांतून शिट्टीच वाजते, पण हिच्यात काहीतरी आहे. अगदी बारीक. तुम्हाला नाही आलं? किती वर्षं म्हणालात या धंद्यात? बरं, आता ती उंच जोडी — थांबा, मी तुमच्या त्या खुणेवरच्या खुर्चीत बसते, दोन्हींपासून सारख्या अंतरावर — हां, लावा. ‘…कोण बसलंय?’ — हे! हे बघा! डावीकडे, अगदी जवळ. नाकातून सुटलेलं हसू. तोंडावर हात दाबून धरलाय कुणीतरी, आणि तरी सुटलंय.

बरं, सांगते. नवऱ्याला वाढदिवसाची भेट द्यायचीय म्हणाले होते, तसं काही नाही, वाढदिवस होऊन गेला. नवरा दोन महिन्यांपूर्वी दुसऱ्या शहरात गेलाय — चार महिन्यांचं काम, नवीन शाखा लावून द्यायची आणि परत यायचं. कंपनीने खोली दिलीय, एकट्याची. ‘एकट्याची’ हा त्याचा शब्द. दर रविवारी लेकीसाठी एक गोष्ट रेकॉर्ड करून पाठवतो आणि खाली माझ्यासाठी ओळ — ‘आत्ताच बसून केली, घसा बसलाय.’ मी उलट लिहायचे, गरम पाणी पी. गेल्या रविवारी भावाकडे गेलो होतो. त्याने मोठे स्पीकर घेतलेत, मग काय, भाचीची गोष्ट कौतुकाने त्यांच्यावरच लावली. मी कपबश्या पुसत होते — आणि अस्वलाच्या नाकापाशी माझा हात थांबला. म्हटलं, ऐकलंस का रे? तर म्हणतो, ताई, एकटी राहून तुझे कान फार तिखट झालेत. परत लाव म्हणायची सोय नव्हती, भावजयीच्या भुवया तेवढ्यानेच वर गेल्या होत्या.

मी शिकलेली बाई आहे, काका. प्रयोगशाळेत काम करते, दुसऱ्यांदा तपासल्याशिवाय कशावरही सही करत नाही. म्हणून तीन जोड्या लावायला लावल्या तुम्हाला. तीनपैकी दोनांत आलं. प्रयोगशाळेत एवढ्यावर मी सही केली असती.

काय? सरळ फोन करून विचारू? आणि काय विचारू — ‘अस्वलाच्या गोष्टीला तुझ्या खोलीत हसणारी कोण?’ कुणी असेल तरी तो म्हणेल, कुणी नाही. कुणी नसेल तरी म्हणेल, कुणी नाही. मग मला काय कळलं? आणि खरं सांगू का, मला त्या हसण्याचा राग नाही — आहे, पण तो वेगळा. ते हसू लाडिक नाही हो. गोष्ट मनापासून आवडलीय तिला! म्हणजे माझ्या मुलीच्या गोष्टी आधी ती ऐकणार आणि रविवारी शिळ्या आमच्याकडे येणार. हे जास्त लागलं. परवा तर मी आरशासमोर तोंडावर हात ठेवून हसून पाहिलं, माझं तसं येतं का. नाही येत. माझं घोड्यासारखं येतं.

मुलगी? तिला यातलं काही माहीत नाही. म्हणून तर बाहेर तुमच्या फिरत्या स्टुलावर बसवून आलेय, दार लोटून. साडेचार वर्षांची आहे, तिच्यासाठी बाबा म्हणजे रविवारची गोष्ट. तिला ह्याचा वारासुद्धा लागू द्यायचा नाही, मी ठरवलंय. जे काय असेल ते माझ्यापाशी.

आता शेवटचं एकदा लावा, हीच उंच जोडी, बटण आहे तिथेच राहू दे. मग जातेच मी — घ्यायचे नाहीयेत हे तुम्हाला केव्हाच कळलं असेल, आणि तरी तुम्ही लावत बसलात, का कोण जाणे. लावा. ‘माझ्या नाकावर कोण…’ — अगं! गोटी, तू आत कधी आलीस? आणि हसतेस काय अशी, नाकातून — थांबा काका, बंद नका करू — गोटी, परत हस बघू. रागावले नाही गं, खरंच नाही. त्यात कोण हसतंय? तू? काहीतरीच. तू कशी असशील, बाबा तिकडे, त्याच्या खोलीत, आणि तू इकडे माझ्याजवळ —

“तिकडे नाही काही, आपल्या घरी! तू कामाला गेलीस ना, की मी बाबाच्या मांडीवर बसायचे, आणि आम्ही खूप खूप गोष्टी करून ठेवल्या. मी पहिलीत जाईपर्यंत पुरतील, बाबा म्हणाला.”