पाटीवरचा कोरा गोल

अध्यक्षस्थानी असलेल्या मुख्याध्यापिका अडेयेमीबाई, व्यासपीठावरचे नगरसेवक चॅपलसाहेब, आजच्या सत्कारमूर्ती श्रीमती बेरिल पोकॉक, आणि ईस्टनमधल्या पालकांनो, मुलांनो,

आज गुरुवार, १८ जुलै २०१९. दुपारी पावणेचारला मी छापखान्यात नखांतली निळी शाई घासत हे भाषण पाठ करत होतो. आता निम्मं विसरलोय. कागदात बघून बोललो तर चालेल ना?

पोकॉकबाई या शाळेसमोर काठीवरची गोल पाटी धरून गाड्या थांबवतात. इथल्या अर्ध्या लोकांना त्यांनीच लहानपणी रस्ता ओलांडून दिलाय, मलाही. भिंतींवर चित्रं काढणारा टेंचही तुम्हाला ठाऊक आहे, चेहरा सोडून. गेल्या हिवाळ्यात लाँड्रीवाल्या यासिनला देशाबाहेर काढायला सरकारी गाडी आली, तेव्हा टेंचने बाईंच्या फोटोवरून पोस्टरचं चित्र केलं. एका हातात पाटी, दुसरा हात त्या गाडीसमोर. छपाई आमच्याकडे होती. घाईत टेंचने चित्राची फिल्म काचेवर पालथी ठेवली आणि स्क्रीनवर, म्हणजे छपाईच्या जाळीवर, सगळं चित्र आरशातल्यासारखं उलटं उमटलं, पाटीची अक्षरंही. नवी स्क्रीन करायला वेळ नव्हता.

"अक्षरांवर चिकटपट्टी लाव," तो म्हणाला. "कोण वाचतंय?"

म्हणून पाटी कोरी छापली गेली. त्या कोऱ्या गोलात मग ज्याने त्याने आपापलं लिहिलं. मे महिन्यात चौकात दोन मोर्चे समोरासमोर आले. एकीकडे बाईंच्या पाटीवर ‘धरपकड थांबवा’, दुसरीकडे ‘परके थांबवा’. चेहरा तोच, गाडीही तीच. एकांना गाडी माणसं घेऊन जाताना दिसली, दुसऱ्यांना घेऊन येताना. ही ताकद चित्राची, की चित्रात काही नसतंच आणि आपणच भरतो? मला खरंच कळत नाही. अडेयेमीबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "तू आधी भाषण लिही."

पण त्यानंतर काही आया बाईंना टाळून, पुढच्या कोपऱ्यावरून मुलांना रस्ता ओलांडून नेऊ लागल्या. दोन्ही बाजूंच्या आया. प्रत्येकीला वाटलं, बाई त्या दुसऱ्यांच्या. बाईंनी मुदतीआधी राजीनामा दिला तो सगळे म्हणतात तसा गुडघ्यांमुळे नव्हे.

सत्कार समितीने बाईंना भेट म्हणून तेच चित्र ठरवलं. मी बाईंना विचारायला गेलो.

"बाळा, ही मी नाहीच," त्या म्हणाल्या. "मी काठी उजव्या हातात धरते. एवढी वर्षं माझ्यासमोरून गेलास, दिसलं नाही होय?"

"मग गोलात काय छापू?"

"माझ्या पाटीवर असतं तेच."

काल फिल्म सरळ ठेवून, अक्षरांसकट एकच प्रत काढली. ‘थांबा, मुलं’. बाई समोर होत्या, टेंचही होता. शाई वाळेपर्यंत तो बघत राहिला.

"आता हे कुणी मोर्चात नेणार नाही," तो म्हणाला.

"मग आत्ता कुठे जमलं," बाई म्हणाल्या.

तो रागावला की हसला, मला सांगता येत नाही.

उद्या बाईंचा शेवटचा दिवस. तुम्ही दोन भिंतींना धरून बसला आहात, हे इथून दिसतं. बरोबर कोण, ते मला ठरवता येत नाही. विनंती एवढीच, की उद्या सकाळी कोपऱ्याकडे वळू नका. मुलांना बाईंच्या पाटीसमोरूनच न्या.

मला बोलायला उभं केलंत, शांतपणे ऐकलंत, त्याबद्दल सर्वांचे आभार. एखादं नाव राहिलं असेल, जास्त बोललो असेन, तर माझ्यावर रागवा. बाईंवर नको.