भावाची साक्ष

(हिंडलग्याच्या तुरुंगाबाहेर, मुलाच्या भेटीची वाट बघत बसलेली गुणाबाई आणि तिचा थोरला भाऊ भरमा. साल १९३८.)

गुणाबाई : ...आईची साक्ष कोण धरतंय, म्हणतोय वकील. पोरासाठी आई खोटं बोलणारच. तू सांगितलंस तर जजसायेब ऐकंल, अण्णा.

भरमा : माझी दुर्गा मेली, गुणा. तुझ्या शामूच्या हातनं. आनि त्याला फासावरनं उतरवायला मी?

गुणाबाई : त्यो शामू न्हवताच रं त्या येळंला! कापड इणताना मागावरचा धोटा बोलतोय म्हणायचा. दुर्गा त्या धोट्याला शिकवून ठेवतीया म्हणायचा. भानावर आल्यावर तिलाच हाका मारत बसला, पाणी दे म्हणून.

भरमा : येड लागलंय, हे तुला कवा कळलं?

गुणाबाई : ...लग्नाच्या आधी.

भरमा : तरी माझी लेक मागितलीस.

गुणाबाई : भावाची लेक करायची रीतच हाय आपल्यात. परक्याच्या पोरीनं चार दिसांत गावभर केलं असतं. ही आपल्या रक्ताची, झाकून घील वाटलं. लगीन झालं की डोस्कं ताळ्यावर येतंय, समदेच म्हणत हुते. मागावर बसला की लई शांत असायचा रं.

भरमा : वकील काय म्हणतोय?

गुणाबाई : येडाच्या भरात झालं तर त्याचा गुन्हा न्हवं. फाशी न्हाय, येड्यांच्या इस्पितळात ठेवत्यात.

भरमा : त्याचा न्हवं. मग कुणाचा? पोरगी तर गेली माझी. कुणाचा तरी असंल की!

गुणाबाई : माझा म्हण. भर कोर्टात म्हण, मी मान खाली घालून उभी ऱ्हाते. खरं, पंचमीला म्हायारी आलती तवा दुर्गा तुला काय बोलली, तेवढं बी सांग.

भरमा : ...तुला कुणी सांगितलं?

गुणाबाई : तिनंच. परत आल्यावर. ‘आत्या, आप्पांस्नी समदं सांगितलं, मला धाडू नगासा म्हटलं. आप्पा म्हणाले, आत्याचंच घर हाय, जा.’

भरमा : तिची आई परड्यात हुती तवा. तिला अजून ठावं न्हाय.

गुणाबाई : अण्णा, पाया पडते तुझ्या.

भरमा : पाय सोड. न्हाय बोललो तर भाचा बी माझ्याच हातनं जाईल.

गुणाबाई : म्हंजे येतोस?

भरमा : येतो. खरं, साक्ष दिल्यावर मी कुणाच्या घरात जाऊ, तेवढं सांग.