इंदापूरला जायचं आणि टायर झिजलेला

धाकट्या बहिणीचं, कुसुमचं, बाळंतपण अडल्याचा निरोप इंदापूरहून आला होता. तेव्हा एसटी दिवसाला एकच, तीही गेलेली. माझ्याकडं छोटी, शर्यतीच्या गाडीसारखी मोटारसायकल होती, पण मागच्या टायरचे धागे दिसत होते. वडिलांना, म्हणजे आबांना घेऊन कसाबसा बारामतीत टायरच्या दुकानात पोचलो.

दुकानदारानं चकचकीत टायर काढला. “वेगासाठीच बनवलाय. डोळे झाकून घ्या.”

आबा म्हणाले, “डोळं झाकून मी मागं बसनार हाय. ह्यानं तरी उघडं ठिवून घ्यावं.”

मी टायर वाकवून पाहिला. कडेला बारीक भेगा होत्या.

“दुसरा?”

“आहे, पण जाडजूड. गाडी पळणार नाही.”

उशीर झाला आणि तिकडं कुसुमचं काही झालं तर? मला ठरवता येईना.

“न्हाय पळाली तरी चालंल,” आबा म्हणाले. “पोचली पायजे.”

तोच बसवला. इंदापूरला पोचलो तेव्हा कुसुम सुखरूप बाळंत झाली होती, शेजारी मुलगी झोपलेली. धक्के खाऊन पांढराफटक पडलेला आबांचा चेहरा पाहून कुसुमच ओरडली, “अगं बाई, आधी आबास्नी निजवा कुणीतरी!”