कोऱ्या कागदावरचा जोसेफ

पद्मजाबाईंच्या घरातली मंडळी, त्यांच्या चित्रकलेच्या क्लासमधले आजी-माजी विद्यार्थी आणि शेजारपाजारचे सगळे. कामधंदा सोडून तुम्ही आलात. बाईंबद्दल 'होत्या' म्हणायला माझी जीभ अजून वळत नाही. पण बोलते. पुटपुटलेलं बाईंना चालायचं नाही. रेघ असो की वाक्य, ठाम हवं.

मी सुनंदा. सांगोल्याकडची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. बाईंकडे शिकले आणि आता त्यांच्याच क्लासमध्ये शिकवते.

आज मला एकच गोष्ट सांगायची आहे. जोसेफची.

जोसेफ टांझानियाहून सोलापुरात फार्मसी शिकायला आला होता. बाईंच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहायचा. बाईंचं घर विणकरांचं, घरात तेलुगू. त्यांची मुलं हाक मारायची, तसा तोही बाईंना 'अम्मा' म्हणू लागला.

त्याच सुमारास बाईंकडे मुलांच्या पुस्तकाचं काम आलं. गोष्टीत गावचा पाटील होता आणि आफ्रिकेतला एक डॉक्टर. चित्रं नुसत्या शाईच्या रेघांची, रंग अजिबात नाही. प्रकाशकांनी नमुना म्हणून एक जुनं पुस्तक पाठवलं. त्यातल्या आफ्रिकी माणसाचा चेहरा म्हणजे डांबराचा गोळा. त्यात दोन पांढरे डोळे आणि फुगवलेले ओठ. जोसेफनं ते पान पाहिलं. पुस्तक मिटून ठेवलं आणि म्हणाला, "अम्मा, आमच्याकडं असं कुणी दिसत नाही."

बाई म्हणाल्या, "मग कसे दिसता ते दाखव. बस इथं."

तो बसला. कितीतरी रविवार बसला. मी शेजारी असायचे. बाई आधी खूप वेळ नुसत्या बघायच्या. नाकपुड्या जेवढ्या रुंद होत्या तेवढ्याच काढल्या. ओठांच्या कडा फुगवल्या नाहीत, बारीकही केल्या नाहीत. केस काळे भरून टाकले नाहीत, बारीक वेटोळ्या रेघांनी एकेक वळण घेत गेल्या. गाल, कपाळ मोकळंच सोडलं. मी विचारलं, "बाई, रंग न देता हा सावळा आहे हे कळणार कसं?"

"आधी माणूस नीट काढ. बाकीचं बघणाऱ्याला आपोआप दिसतं."

चित्रं पाठवल्यावर प्रकाशकांचा फोन आला. "बाई, हा तर गोरा वाटतो. चेहरा काळा भरून टाका."

बाई शांतपणे म्हणाल्या, "कागद कोरा आहे. माणूस गोरा नाही. गोष्टीतला पाटीलही मी कोराच सोडलाय. त्याच्याबद्दल तुम्ही काही विचारलं नाहीत."

ते काम दुसऱ्याकडे गेलं. बाईंना वाईट वाटलं? वाटणारच. फार वाट पाहिलेलं काम होतं ते. जोसेफ म्हणाला, "अम्मा, माझ्यामुळं गेलं." बाई म्हणाल्या, "तुझ्यामुळं मला माझी रेघ सापडली. जेवायला चल."

मग बाईंनी ठरवलं, नुसत्या रेघांचं प्रदर्शन भरवायचं. जोसेफ काढला. गल्लीतल्या विणकर बाया काढल्या. माझी आई काढली. आमची आई जन्मभर उन्हात मेंढरांमागं हिंडलेली. प्रदर्शनात ती स्वतःच्या चित्रासमोर उभी राहिली. मग म्हणाली, "फोटू काडायचा म्हटलं की समदी आदी पावडर लावाय सांगत्यात. ह्या बाईनं हाय तशीच बघितली की मला."

आणि जोसेफचं चित्र? क्लासमधल्या लहान मुली दारातूनच ओरडल्या, "जोसेफदादा!" नाव लिहिलेलं नव्हतं. रंग नव्हता. कुणाला अडलं का? कुणालाच अडलं नाही.

जोसेफ शिक्षण संपवून गेला, तेव्हा बाईंनी ते चित्र त्याला दिलं. काल त्याचा फोन आला. रडत होता, तरी सांगत होता. त्याच्या आईनं ते चित्र बाहेरच्या खोलीत लावलंय. घरी येईल त्याला ती विचारते, हा कोण, ओळखा बघू. अजून एकही माणूस चुकलेला नाही.

मंडळी, बाईंचा क्लास येत्या रविवारी भरणार आहे. मी उघडणार आहे.

आता आपण उभे राहू. डोळे मिटण्याआधी शेजारच्या माणसाच्या चेहऱ्याकडे एकदा नीट बघा. घाई करू नका. बाईंनी आपल्याकडून एवढंच मागितलं असतं. बघून झालं की डोळे मिटा, आणि थोडा वेळ कुणीच काही बोलू नका.