विठोजी अण्णांचा लांब सूर

नाही, पण ते साल छप्पन की सत्तावन्न, हे आता मी विचारू कुणाला? माझा जुना दोस्त प्रतापराव गेला, आमच्या गोजराबाई म्हणतात, 'मला नका विचारू', आणि मी... अहो, जन्मभर कॉलेजात तर्कशास्त्र शिकवलं, पण स्वतःच्या आठवणीचा भरवसा नाही! खात्री देत नाही, बरं का! पण तुम्हाला सांगतो, कँटोन्मेंटातल्या त्या हॉलात आमच्या तरुणपणाचा बँड वीसेक वर्षांनी पुन्हा उभा राहणार होता. बँड इंग्रजी नाचाचा, पण ट्रंपेट कुणाचा? आपल्या विठोजी अण्णांचा! शेवटी ते एकच सूर धरायचे, लांबच लांब, आणि आम्ही ऐकणारे सगळे त्यांच्याबरोबर श्वास रोखायचो. रिवाजच तो! अण्णा थांबेपर्यंत श्वास घ्यायचा नाही. कुणी जिंकलं कधी? छे!

लग्न झाल्यापासून गोजराबाईंना मी त्या सुराचं पुराण ऐकवत आलो. आणि त्या दिवशी दारातच प्रतापराव कानाशी लागतो, "अरे, अण्णांना कवळी बसवलीय!" ट्रंपेटवाल्याला कवळी! फुंकताना ती हलली तर? सूर तुटला, तर इतकी वर्षं बायकोला सांगितलेलं माझं तरुणपण खोटंच ठरलं की!

पडदा वर गेला... चार म्हातारे! एकाचाही कोट पोटावर मिटेना. जयतीर्थ ड्रममागे बसताना "अय्यो रामा!" म्हणून कळवळला. पण पहिली थाप पडली मात्र, आणि काय सांगू! अंगावर काटा, हॉलभर टकलं डोलायला लागली, माझे डोळे भरून आले... की चष्माच पुसलेला नव्हता? खात्री देत नाही, बरं का!

मग तो सूर आला. अण्णांनी पाठ वळवली, कवळी काढली, रुमालात गुंडाळून खिशात टाकली, आणि नुसत्या हिरड्यांवर ट्रंपेट टेकवला! आम्ही छात्या भरून घेतल्या. आता आमचं वय काय, रक्तदाब काय! दम्याचा प्रतापराव पहिला ढासळला. गोजराबाई मला चिमटे काढताहेत, "साकु, साकु! पुरे झालं, श्वास घ्या हो!" माझ्या डोळ्यांपुढे काजवे, आणि तो सूर चाललाय... बारीक, थरथरता, पण तुटत नाही! माणूस आहे की कोण?

सूर थांबला तेव्हा हॉलात नुसता खोकला. अण्णा वाट पाहत उभे राहिले, मग मान हलवून आत गेले. आणि गोजराबाई काय म्हणतात? "तुम्ही सांगता त्यापेक्षा स्वल्प लहानच होता हो." झालं! खरंच लहान होता? की पूर्वीचा मीच मनात लांबवला? वर्षानुवर्षं झोपेतही हाच प्रश्न! खात्री देत नाही, बरं का!

अडुसष्ट साली रसेल मार्केटात जयतीर्थ भेटला, तेव्हा विचारलंच. तो हसत सुटला. "लहान असणारच की सर! पूर्वी पडद्याआड अण्णांचा भाऊ मानसिंग दुसरा ट्रंपेट घेऊन उभा असायचा. ह्यांचा दम संपला की तो सूर उचलायचा. तुम्हाला कळायचं नाही! त्या दिवशी मानसिंग कुठला? तो कधीच वारला होता. तेवढा एकच सूर अण्णांनी एकट्यानं धरला."

ह्याची मात्र खात्री देतो. दोघांच्या दमाला आम्ही वर्षानुवर्षं टाळ्या पिटल्या. आणि एकट्याचा सूर आला, तेव्हा टाळी वाजवायला दम होता कुणाच्या छातीत?